चवीपुरता मासा

खाण्याबद्दल आपल्या पूर्वजांनी भरपूर सांगून ठेवलं आहे. काय खावं, केव्हा खावं, कुणाच्या हातचं खाऊ नये, खाल्ल्यावर कुठल्या कुशीवर लवंडावं, सगळं आहे. पण खाण्याबद्दल वाचावं की वाचू नये, याविषयी मात्र एक अक्षर नाही. बहुधा खाणारे आणि वाचणारे हे दोन वर्ग त्या काळी वेगळे असावेत. माझं नाव आमच्या डॉक्टरांनी पहिल्या वर्गातून कमी करून दुसऱ्यात घातलं, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. माझी तक्रार नाही. भरल्या पापलेटाची कृती वाचून कोलेस्टेरॉल वाढल्याचं अजून कुठल्या रिपोर्टात आलेलं नाही. सुरमईच्या कालवणाचं वर्णन रात्री अकरा वाजता वाचलं तरी पहाटे छातीत जळजळत नाही. घरातल्या मंडळींच्या मते हे अगदी निरुपद्रवी व्यसन आहे. ते खरोखरच तसं आहे का, एवढाच आजचा प्रश्न.

व्यसनाचा पुरवठा अमेरिकेतून होतो. माझी मेव्हणी न्यू जर्सीला असते. दर दोन वर्षांनी ती येते तेव्हा घरातल्या प्रत्येकासाठी काही ना काही आणते. मुलांना चॉकलेटं, बहिणीला पर्स, आणि मला खाद्यपदार्थांची जुनी मासिकं. ‘भावजी, तुम्ही वाचता ना, म्हणून आणली हो मुद्दाम!’ असं ती म्हणते. बॅगेतल्या काचेच्या बरण्या फुटू नयेत म्हणून ती भोवती गुंडाळलेली असतात हे मला दिसतं, पण मी काही बोलत नाही. ‘गूर्मे’ म्हणू नका, ‘बॉन अ‍ॅपेटी’ म्हणू नका, चाळीस वर्षांचे सुटे अंक माझ्या पलंगाखाली आहेत. त्यातलं ‘गूर्मे’ तर १९४१ साली निघून २००९ साली बंदसुद्धा पडलं. पण पाककृतीला शिळेपणा नसतो. शिळी होते ती पोळी.

पाककृती हा लेखनप्रकार मला फार शुद्ध वाटतो. वर ‘साहित्य’, खाली ‘कृती’, संपलं. कथा-कादंबऱ्यांनाही आपण साहित्य म्हणतो आणि आलं-लसणीलाही साहित्यच म्हणतो, याचं मला पूर्वी नवल वाटे. आता वाटत नाही. दोन्हीकडे मूळ माल कुठून आणला याची चौकशी करायची पद्धत नाही. शिवाय पाककृतीत कुणी मरत नाही. जगातल्या यच्चयावत माशांच्या कृती वाचून पाहा, मासा कधी जिवंत नसतो आणि कधी मरतही नाही. तो पहिल्या ओळीपासूनच ‘साफ करून, तुकडे करून’ असतो. जणू समुद्रात तुकडेच पोहत असतात आणि कोळी लोक पहाटे जाऊन त्यातले बिनकाट्याचे वेचून आणतात.

अमेरिकन मासिकातला मासा तर याच्याही पुढचा. त्याला डोकं नाही, शेपूट नाही, काटे नाहीत, डोळे नाहीत. पांढऱ्याशुभ्र बशीत एक पांढरी वडी, वर कसलीशी हिरवी काडी, बाजूला लिंबाची फोड. मेव्हणीचा धाकटा मुलगा पहिल्यांदा आमच्याकडे जेवायला बसला तेव्हा त्याच्या ताटात डोक्यासकट तळलेला बांगडा आला. पोरगं घाबरून आईला विचारतं, ‘मम्मी, हा माझ्याकडे का बघतोय?’ सगळे हसले. मी नाही हसलो. मला तो प्रश्न एकदम वेदान्तातला वाटला. आपल्याकडे बघणाऱ्या माशाला काहीतरी उत्तर द्यावं लागतं. निदान काटे नीट काढून, डोकं चोखून, त्याचा काही वाया घालवला नाही एवढं तरी दाखवावं लागतं. वडीला कसलं आलंय उत्तर?

आता त्या ढिगातली एक हकीकत सांगतो. लुइझियानातल्या न्यू ऑर्लिन्सला पॉल प्रुडॉम नावाचे एक आचारी होते. अंगाने आणि मनाने अघळपघळ. १९७९ साली त्यांनी तिथे आपलं उपाहारगृह काढलं आणि पुढच्याच वर्षी एक पदार्थ शोधला. कृती सोपी. रेडफिश नावाच्या माशाचा तुकडा वितळलेल्या लोण्यात बुडवायचा, मसाल्यात घोळवायचा आणि बिडाचा तवा चुलीवर इतका तापवायचा की पाहुण्यांनी घर सोडून पळावं. त्या तव्यावर मासा टाकला की धूर होतो, मसाला काळा पडतो आणि आत मासा लुसलुशीत राहतो. हा रेडफिश म्हणजे आपल्या घोळ-ढोम्यांच्या कुळातला, लांबचा चुलता. पाण्यात ढोल वाजवल्यासारखा आवाज करतो म्हणून त्याला तिकडे ‘लाल ढोल’ असंही नाव आहे. तोपर्यंत त्याला मेक्सिकोच्या आखाताबाहेर फारसं कुणी विचारत नव्हतं. गरीब, घरगुती मासा. आपल्याकडे ढोम्याला जो मान, तोच त्याला तिकडे.

मग ही कृती छापून आली. मासिकांतून आली, वर्तमानपत्रांतून आली, १९८४ साली प्रुडॉम यांच्या पुस्तकातून आली, दूरदर्शनवरून आली. न्यूयॉर्कपासून सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत झाडून सगळ्या उपाहारगृहांतून धूर निघू लागला. आणि आखातात मोठमोठी गोल जाळी घेऊन बोटी निघाल्या. त्यांना नेमके सापडले ते खोल पाण्यात कळपाने राहणारे मोठे मासे, म्हणजे ज्यांच्या अंड्यांवर पुढची सगळी वंशावळ चालायची ते. हा मासा चाळीस वर्षं जगू शकतो. कृतीला मात्र पाच मिनिटं लागतात. १९८६ साली अमेरिकन सरकारला आखाताच्या आपल्या हद्दीत या माशाचा व्यापार तातडीने थांबवावा लागला. त्या हद्दीत तो आजही बंदच आहे.

म्हणजे पाहा, तेल सांडलं नाही, वादळ झालं नाही, युद्ध झालं नाही. एक चांगला पदार्थ झाला, एवढंच! दुर्वासांनीसुद्धा शाप देताना काहीतरी निमित्त पाहिलं असेल. इथे तर आशीर्वादच बाधला.

आता यात चुकलं कुणाचं? हा प्रश्न मी आमच्या शेजारच्या अण्णांना विचारला. अण्णा शुद्ध शाकाहारी असल्यामुळे माशांच्या बाबतीत त्यांची मतं ठाम आहेत. ते आत गेले आणि मनुस्मृती घेऊन आले. आता हा ग्रंथ म्हणजे १९२७ साली बाबासाहेबांनी आमच्या कोकणातच, महाडला, ज्याची होळी केली तो. आणि ती योग्यच झाली असं माझं मत आहे. पण जुन्या सावकाराची चोपडी जळाली तरी त्यातला एखादा आकडा लक्षात ठेवायला हरकत नसते. पाचव्या अध्यायात मांसाच्या पापाचे वाटेकरी मोजले आहेत. मारणारा एकटाच नव्हे. संमती देणारा, तुकडे करणारा, मारणारा, विकत घेणारा, विकणारा, शिजवणारा, वाढणारा आणि खाणारा, असे आठ. आठही घातक.

‘बघा,’ अण्णा म्हणाले, ‘तुमच्या स्वयंपाकघरातल्या सौ.सुद्धा सुटल्या नाहीत.’

‘पण अण्णा, यात छापणारा कुठे आहे?’

अण्णांनी पुन्हा बोटं मोजली. आठच भरले. छापखाना नव्हता त्या काळी, हे मनूचं दुर्दैव. असता तर नववा घातक म्हणून त्याने मासिकाच्या संपादकाला नक्की घातलं असतं, आणि कडेला बारीक अक्षरात दहावा म्हणून वर्गणीदाराला.

मी रेडफिशच्या बाबतीत आठांची यादी एकेक करून तपासली. कोळी म्हणाला असता, बोटीवर कर्ज आहे. व्यापारी म्हणाला असता, गिऱ्हाईक मागतं ते मी आणतो. आचाऱ्याला तर दोष कसा देणार? त्याने स्वयंपाक चांगला केला! चांगला स्वयंपाक हा गुन्हा ठरवायचा तर आमच्या खानावळवाल्याला पुण्यात्मा म्हणून हार घालावा लागेल. आणि खाणाऱ्याने काय केलं? एकदा, वाढदिवसाला, बायकोला घेऊन जाऊन एक बशी मागवली. समुद्र काही त्याने मागवला नव्हता. प्रत्येकाने एकेक बशीच खाल्ली, आणि आखात रिकामं झालं ते कुणाच्याच बशीत नव्हतं.

‘म्हणूनच आम्ही खात नाही,’ असं म्हणून अण्णांनी मनुस्मृती मिटली. पण मला वाटतं अण्णांचं उत्तर दुसऱ्याच प्रश्नाचं आहे. एक मासा मारला ही एक गोष्ट, आणि माशाचं कूळ बुडवलं ही दुसरी. पहिलीचा हिशेब ज्याचा त्याने द्यावा. माझा मी देईन, बांगड्यासमोर रोज देतच असतो. जगात मोठा मासा लहान माशाला खातो, त्याबद्दल समुद्रात अजून कुणी प्रायश्चित्त घेतलेलं नाही. पण कुठल्याही माशाने मासिकात वाचून दुसरा मासा खाल्ल्याचं ऐकिवात नाही. शार्कला आज अमुक मिळालं नाही तर तो तमुक खातो. ‘मला पाहिजे तर तोच, आणि रविवारीच’ हा हट्ट फक्त आपला.

आणि मासिकाचं वेगळेपण नेमकं इथे आहे. बाकीचे आठ जण एका माशाशी व्यवहार करतात. मासिक एका वेळी लाखो घरांशी करतं. एकाच महिन्यात, एकाच फोटोकडे बघून, लाखभर माणसांच्या तोंडाला एकाच माशासाठी पाणी सुटतं. तेवढ्या पाण्यात तो मासा बुडणारच!

नावांचं प्रकरण तर आणखी गमतीचं आहे. दक्षिण ध्रुवाकडच्या थंडगार, खोल समुद्रात टूथफिश म्हणून एक मासा राहतो. रूप असं की जाळ्यात आला तर कोळ्यानेच माफी मागावी. १९७७ साली ली लँट्झ नावाच्या अमेरिकन व्यापाऱ्याला तो चिलीमधल्या वालपरायसोच्या धक्क्यावर दिसला. मांस पांढरं, तेलकट, कितीही वेळ शिजवलं तरी न बिघडणारं. फक्त ‘दातमासा’ म्हणून कोण खाणार? त्याने नाव ठेवलं ‘चिलियन सी बास’. तो बास जातीचा नाही आणि नुसता चिलीचाही नाही, पण लग्न ठरवताना पत्रिका थोडी इकडेतिकडे करावीच लागते. २००१ साली ‘बॉन अ‍ॅपेटी’ने त्याला वर्षाचा पदार्थ म्हणून मान दिला. त्या वेळी दक्षिण समुद्रात चोरटी बोट आणि प्रामाणिक बोट यांची गणती करणंही मुश्कील झालं होतं. मैलोन् मैल लांबीच्या दोऱ्या, त्यांना हजारो गळ, गळाला आमिष. आणि त्या आमिषावर झडप घालून बुडून मरणारे अल्बट्रॉस पक्षी. २००२ साली अमेरिकेतल्या शेकडो आचाऱ्यांनी हा मासा शिजवणार नाही अशी शपथ घेतली. म्हणजे वर्षाचा पदार्थ वर्षभरातच वाळीत!

या माशापायी २००३ साली समुद्रात एक पाठलाग झाला. ऑस्ट्रेलियाच्या सरकारी बोटीने ‘व्हियार्सा’ नावाच्या जहाजाचा २१ दिवस पिच्छा पुरवला. हिमनगांतून, वादळांतून, सुमारे ३,९०० सागरी मैल. आपल्याकडे रावणाने सीता पळवली तेव्हासुद्धा लंका एवढी लांब नव्हती. शेवटी जहाज पकडलं, खटला चालला आणि मंडळी निर्दोष सुटली. तो मासा आता काही ठिकाणी शिस्तीत, मोजून-मापून पकडतात, हेही सांगायला हवं. पण ज्याच्यासाठी एवढं रामायण झालं त्याचं बशीतलं वर्णन मासिकात असतं ते एवढंच : ‘लोण्यासारखा मऊ.’

दुसरा एक मासा, त्याचं कुळनाव इंग्रजीत ‘स्लाइमहेड’. मराठीत सांगायचं तर शेंबडमुंड्या. जेवताना हे नाव उच्चारणं बरं नव्हे म्हणून १९७०च्या दशकाच्या अखेरीस त्याचं ‘ऑरेंज रफी’ असं बारसं झालं. हा न्यूझीलंड-ऑस्ट्रेलियाच्या बाजूच्या खोल समुद्रात राहतो, वयात यायलाच त्याला वीस-तीस वर्षं लागतात, आणि तो शंभरी सहज ओलांडतो. टिळकांनी ‘केसरी’ काढला त्या सुमाराला जन्मलेला एखादा रफी १९८५ साली शिकागोच्या कुणा बाईंनी ‘वीस मिनिटांत होणारं झटपट रात्रीचं जेवण’ या सदरात वाचून भट्टीत सरकवला असेल. शंभर वर्षं आणि वीस मिनिटं! झटपट कोण झालं, याचा मासिकात खुलासा नाही.

मासिकांवर सगळं खापर फोडणं बरोबर नाही. काही जागीही झाली. कॅलिफोर्नियातल्या माँटेरे बेच्या मत्स्यालयाने १९९९ साली खिशात ठेवायचं एक कार्ड काढलं, कुठला मासा खावा, कुठला टाळावा, याचं. हिरवा, पिवळा, लाल. सिग्नलसारखं. ‘गूर्मे’ने तर २००४ साली एका कादंबरीकाराला मेन प्रांतात शेवंडांच्या जत्रेवर लिहायला पाठवलं, आणि त्याने येऊन विचारलं की हे जिवंत उकळणं आपल्याला चालतं कसं? संपादकांनी तो लेख छापला. जत्रेला पाठवलेल्या माणसाने देवालाच प्रश्न विचारून यावं, तसलाच प्रकार. छापणाऱ्याला मी मनातल्या मनात नमस्कार केला. त्याच गठ्ठ्यातल्या दुसऱ्या अंकात शेवंडाची सॅलड होती, तीही मी वाचली.

हे सगळं तिकडचं झालं. आपल्याकडे कसं होतं?

आपल्याकडे मासिक दारावर यायचं. डोक्यावर पाटी, अंबाड्यात फुलं, आवाज तिसऱ्या मजल्यापर्यंत. आमच्या लहानपणी जी कोळीण यायची तिच्या पाटीतच त्या दिवसाचा अंक असे. आई विचारायची, ‘मावशी, पापलेट आहे का?’ ती म्हणायची, ‘आज पापलेट नाय गो बाय. मांदेली घे. हलदमीठ लाव, रवा लाव नि कुरकुरीत तल. पोरं नाव काढतील.’ दुसऱ्या दिवशी बोंबील. तिसऱ्या दिवशी मुडदुशा. कधी नुसती तिसऱ्यांची पाटी. आणि पावसात काहीच नाही, तेव्हा सुका जवळा नि सोडे. कृती तिच्याजवळच असायची, पण ती मासा बघून सांगितलेली असायची. आधी समुद्राने काय दिलं ते पाहायचं, मग चुलीने ठरवायचं. आई कधी फोटो दाखवून तिला म्हणाली नाही की मला हाच पाहिजे. म्हणाली असती तर मावशीने काय सुनावलं असतं ते इथे छापता येणार नाही.

आता क्रम उलटला. आधी कृती, मग मासा. पाककृतींची मराठी सदरं काढून बघा. पापलेट, सुरमई, कोलंबी. कोलंबी, पापलेट, सुरमई. किनाऱ्यावर एवढ्या जाती, पण छापील समुद्रात तीनच मासे. मांदेलीला, वाकटीला, ढोम्याला कुणी रंगीत पान देत नाही. वाकटीचा फोटोच चांगला येत नाही म्हणे. आता एखाद्याने केवळ फोटो चांगला येतो म्हणून मरावं आणि दुसऱ्याने येत नाही म्हणून वाचावं, ही कसली व्यवस्था?

कोलंबीचंच घ्या. १९५३ साली नॉर्वेच्या मदतीने केरळात एक प्रकल्प निघाला. हेतू चांगला, गरीब कोळ्यांचं भलं व्हावं. त्यातून यांत्रिक बोटी आल्या, तळ ओढत जाणारी जाळी आली, आणि कोलंबीला परदेशात भाव मिळू लागल्यावर ती किनाऱ्याकिनाऱ्याने पसरली. कोलंबी तळाशी राहते. जाळं तळ खरवडत जातं आणि कोलंबीबरोबर जे असेल ते वर येतं. बोटभर पिल्लं, कुर्ल्या, शिंपले, कधी कासवही. कोलंबी थोडी आणि बाकीचा पसारा कित्येक पट. कोथिंबिरीची एक जुडी हवी म्हणून अख्ख्या वाफ्यावर नांगर फिरवावा, तसं. त्या पिल्लांचं पुढे पीठ होऊन ते कोंबड्यांच्या खाद्यात जातं. म्हणजे श्रावण संपल्यावर ज्याला आपण गावठी कोंबडीच्या भावात घरी आणतो, त्या ब्रॉयलरने आपल्या आधीच आपली मासळी खाल्लेली असते!

शिंगाळ्याची गोष्ट ऐकली तेव्हा मात्र माझ्या घशाखाली घास उतरेना. या माशात पोरं सांभाळायचं काम बापाकडे असतं. मादी अंडी घालते आणि मोकळी होते. बाप ती अंडी तोंडात धरतो आणि पिल्लं निघेपर्यंत तोंडातच ठेवतो. तोपर्यंत काही खात नाही. एवढा कडक उपास आमच्या घराण्यात एकादशीलासुद्धा कुणी केलेला नाही. हे बाप थवेच्या थवे करून राहतात. कर्नाटकाच्या किनाऱ्यावर १९७०च्या दशकात मोठी गोल जाळी आली आणि हे थवे सबंध वेढले गेले. बाप बर्फात गेले आणि तोंडातली अंडी धक्क्यावर सांडली. काही वर्षांत तिकडचा शिंगाळा जवळजवळ दिसेनासा झाला. सरकारी शास्त्रज्ञांनी हे तेव्हाच लिहून ठेवलं होतं. पण शास्त्रज्ञांच्या अहवालात शेवटी कृती नसते, त्यामुळे तो कोण वाचणार?

२०२३ साली महाराष्ट्र सरकारने पापलेटाला राज्यमाशाचा दर्जा दिला. त्याच वर्षी गुजरातने घोळ निवडला. राज्याच्या कारभाराला शोभेल असं नाव आपल्याला मिळायला हवं होतं, पण ते शेजाऱ्यांकडे गेलं. पापलेटाला हा मान द्यावा लागला तो ते कमी होत चाललंय म्हणून. माणसांचंही तसंच असतं. शाल-श्रीफळ हातात आलं की ओळखावं. त्याच वर्षी सरकारने ५४ जातींच्या माशांची किमान लांबी ठरवून दिली. त्याहून लहान मासा पकडायचा नाही. पापलेटाला १३५ मिलिमीटर. कंपासपेटीतली पट्टी पंधरा सेंटिमीटरची असते, तिच्याहून दीड सेंटिमीटर आखूड, हे मी नातवाकडून पक्कं करून घेतलं आणि पट्टी खिशात टाकून बाजारात गेलो. एका पाटीपाशी बसून मापायला काढली. कोळीण दोन मिनिटं बघत राहिली. मग म्हणाली, ‘भाऊ, मापून घ्यायचा तर कापडाच्या दुकानात जा.’ मागच्या बाई हसल्या. पण त्या पाटीतलं एकही पापलेट पट्टीला पुरत नव्हतं, आणि ते तिला माझ्याआधी ठाऊक होतं. मी उठलो तेव्हा हळूच म्हणाली, ‘मोठं येतंय कुठं आता? लोक मागतात, मग आणतो.’ बोलताना तिच्या स्वरात चोरी नव्हती, आनंदही नव्हता. आठांच्या यादीत तिचं नाव पाचवं. तिची वकिली करायला मात्र कुणी नाही.

आमच्याकडे श्रावणात एक कहाणी वाचतात, खुलभर दुधाची. राजाने हुकूम काढला की गावातलं सगळं दूध देवळात आणा, महादेवाचा गाभारा भरायचा. लोकांनी भीतीने पोराबाळांच्या, वासरांच्या तोंडचं दूध आणून ओतलं. गाभारा काही भरेना. मग एक म्हातारी आली. तिने आधी घरातल्या मुलांना पाजलं, लेकीसुनांना दिलं, वासरांना सोडलं, आणि उरलेलं खुलभर दूध आणून ओतलं, तर गाभारा भरून वाहू लागला. लहानपणी मला ही चमत्काराची गोष्ट वाटायची. आता मला ती मत्स्यव्यवसाय खात्याचं परिपत्रक वाटते. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, तीही हीच कहाणी. वासरांना आधी पाजा. जुने कोळी तर नारळी पौर्णिमेपर्यंत थांबत, मग तारीख काही का असेना. शिवाय श्रावणात आम्ही अर्धे गिऱ्हाईक गैरहजर. या सगळ्यात धर्म किती, खवळलेल्या समुद्राची भीती किती आणि शहाणपण किती, हे मला वेगळं करता येत नाही. पण रंगीत मासिकाला श्रावण नसतो. जुलैच्या अंकातही पापलेट असतंच, आणि आमच्या गल्लीतल्या वातानुकूलित दुकानात ते कुठूनतरी आलेलंही असतं.

अण्णा म्हणतात, ‘तुम्ही एकट्याने पापलेट सोडून काय होणार?’ बिनतोड प्रश्न आहे. राजाच्या गावातही प्रत्येकाने तोच विचार केला असेल, मी एकट्याने वासराला पाजून काय होणार? पण मी पापलेट सोडतो असं म्हणतच नाही. माझं म्हणणं वेगळं आहे. प्रत्येक कृतीत एक शब्द हटकून असतो : चवीपुरतं. तो आपण फक्त मिठाला लावतो. मिठाला काय धाड भरली आहे? समुद्रात मीठ लागेल तेवढं आहे. तो शब्द जरा पुढे सरकवून माशाला लावला तर?

हे सगळं मी एका मराठी मासिकाच्या संपादकांना सविस्तर पत्र लिहून कळवलं. फार काही मागितलं नाही. कृतीत ‘साहित्य’ या शब्दाखाली ‘दोन मोठी पापलेटं’ असं न छापता ‘बाजारात त्या दिवशी असेल तो मासा’ असं छापा, आणि वर महिना घाला, एवढंच. महिन्याभराने उत्तर आलं. संपादकांना कल्पना अतिशय आवडली होती. ‘परंतु,’ त्यांनी लिहिलं होतं, ‘पुढील विशेषांकासाठी पापलेटाचे फोटो काढून झाले आहेत. तरी आपलं पत्र “वाचकांची रुची” या सदरात, त्यातील माशांचा भाग वगळून, अवश्य घेऊ.’

त्याप्रमाणे घेतलंही. सव्वादोन ओळी होत्या. सौ.ने त्याच अंकातली पान चाळीसवरची कृती कापून फ्रिजला चिकटवली आहे, आणि खाली पेन्सिलीने लिहिलं आहे : ‘मांदेलीला चालेल का बघणे.’